दहा राग आणि डिस्कोचा ठेका

चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा संग्रह ध्वनिमुद्रित केला आणि त्यात भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांसाठी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे वापरली : विद्युतकंपनांतून नाद घडवणारा ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, ठेका देणारे टीआर-808 आणि खर्जातील सुरावट आपोआप फिरवत ठेवणारे टीबी-303.

पुण्याच्या श्रोत्यांना पेटीवरचा जुना आक्षेप परिचित आहे : पट्टीचा स्वर अचल असल्याने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, तिच्यावर निघत नाही, आणि अशाच आक्षेपांमुळे 1940 साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती. हाच आक्षेप येथेही उभा राहतो : टीबी-303 मध्ये दोन स्वर सरकवून जोडण्याची सोय आहे, परंतु त्या सरकण्याचा वेग यंत्रातच ठरलेला असतो, तर मालकंसात मध्यमावरून गंधारावर येणारा गवई किती रेंगाळायचे ते त्या क्षणी ठरवतो.

तथापि खरी हानी तालात झाली आहे. टीआर-808 ची आवर्तने बहुधा 16 घरांची, चार-चारांच्या गटांत मांडलेली असतात आणि वरवर पाहता ती 16 मात्रांच्या तीनतालासारखीच दिसतात. मात्र तीनतालाच्या नवव्या मात्रेवर खाली येते, म्हणजे तेथे टाळी नसते, डग्ग्याचा घुमारा ओसरतो, आणि त्या रितेपणातूनच समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, ओढ निर्माण होते. डिस्कोचा ढोल प्रत्येक ठोक्यावर सारख्याच जोराने पडतो, त्यामुळे सम येते, पण तिची वाट पाहावी लागत नाही.

पुढे 1987 साली शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाने याच टीबी-303 वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रसिद्ध केली, आणि 2010 मध्ये चरणजित सिंग यांचा संग्रह पुनःप्रकाशित झाल्यावर दोहोंतील साम्याने जगभरचे श्रोते चकित झाले. हे साम्य मुख्यतः समान यंत्रातून आलेले आहे, आणि भेद त्याहून महत्त्वाचा वाटतो : शिकागोच्या कलाकारांनी एकाच सुरावटीचा नाद कळा फिरवून बदलत ठेवला, तर चरणजित सिंग यांनी मुख्य भर रागाच्या चलनावर, म्हणजे त्याच्या स्वरांच्या ठरलेल्या वळणांवर दिला.