वळिवड्याची पोलिश शाळा



मिरजेहून आगगाडीने कोल्हापूरला येताना रुकडी सोडली की वळिवडे नावाचे लहानसे स्टेशन लागते. १९४३ साली तिथे दूर पोलंड देशातली कुटुंबे उतरू लागली. कुटुंबे म्हणायची खरी, पण त्यांत कर्ते पुरुष थोडेच. बहुतेक आया आणि मुले. पाहता पाहता तिथे सुमारे पाच हजार माणसांची वस्ती झाली, आणि १९४८ पर्यंत ती टिकली.

ही माणसे इथवर आली कशी? १९३९ साली जर्मनी आणि रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्वेकडच्या पोलिश घरांतली माणसे कडाक्याच्या थंडीत गाड्यांत भरून सैबेरियाकडे नेली गेली. १९४१ साली जर्मनीने रशियावरच स्वारी केली, तेव्हा त्यांची सुटका झाली. मग इराण, तिथून कराची, आणि शेवटी आपले वळिवडे. हाती शस्त्र धरू शकणारे पुरुष पोलिश फौजेत गेले; लेकरांचा भार आयांवर पडला.

आता आमच्या गुरुजींनी एक हिशेब करून पाहावा. १९४० साली जे पोर सहा वर्षांचे होते, ते वळिवड्यास आले तेव्हा नऊ वर्षांचे झाले होते. अक्षर गिरवायचे वय लाकूडतोडीच्या वसाहतींत आणि अनाथालयांत गेले. कानावर रशियन पडत होते. आईशी दोन शब्द बोलता येतात, पण वाचता येत नाही, लिहिता येत नाही, अशी कितीतरी मुले. देश हातचा गेला होता, बाप लढाईवर होता. आता भाषाही जाते की काय, ही त्या आयांची धास्ती होती.

म्हणून कौलारू बराकींत दवाखाना आणि प्रार्थनामंदिर उभे राहिले तशा शाळाही उभ्या राहिल्या. आधी प्राथमिक, मग माध्यमिक. शिकवणारी मंडळी त्या निर्वासितांतलीच. पुस्तकांचा तुटवडा होता. पोलिश शालेय पुस्तके तेव्हा जेरुसलेमला छापली जात. युद्धाच्या धामधुमीत ती किती पोचणार?

पण भाषा काही नुसत्या वर्गात राहत नाही. खेळ, गाणी, नाटके, शेकोटीभोवतीच्या गोष्टी हे सगळे त्या वस्तीत पोलिशमध्ये चाले. हिंदुस्थानातल्या पोलिश मुलांच्या बालवीर पथकांचे काम झ्जिस्वाव पेश्कोव्स्की या तरुण लष्करी अधिकाऱ्याने पाहिले. पुढे ते धर्मगुरू झाले. वांदा दिनोव्स्का या बाई तर १९३५ पासूनच इकडे राहत होत्या. आपल्याकडे त्या उमादेवी म्हणून ओळखल्या जात. या मुलांना हिंदुस्थानची ओळख व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली. भगवद्गीताही त्यांनी पोलिशमध्ये नेली. आपली भाषा राखायची म्हणजे शेजारच्या भाषेला दार लावायचे, असे त्यांनी मानले नाही. मला हे फार मोलाचे वाटते.

आणि शेजारही दूरचा नव्हता बरे! वस्तीत भाजीपाला, दूध विकणारी आसपासची माणसे कामापुरते पोलिश बोलू लागली. शिक्षकांना एक गंमत सांगतो. पोलिशमध्ये दोनाला ‘द्वा’, तिनाला ‘त्शी’, चाराला ‘च्तेरी’ म्हणतात. भावाला ‘ब्रात’, विस्तवाला ‘ओग्येन’. आमच्या संस्कृतातले द्वि, त्रि, चतुर्, भ्राता, अग्नी आठवा! उद्या वर्गात फळ्यावर हे शब्द शेजारी शेजारी लिहून पाहा; पोरे आपणहून बोलू लागतील.

आज आपलीही कुटुंबे परदेशी जातात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांत आईबापच सुटीच्या दिवशी, बिनपगारी, मुलांना बाराखडी शिकवतात. त्यांची अडचण निराळी. तिथे पोटापाण्याची ददात नाही, पण आठवड्यातले बाकीचे दिवस इंग्रजीचे. वळिवड्याच्या मुलांना निदान सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःची भाषा ऐकायला मिळे. आठवड्याच्या दोन तासांत ते साधणे कठीणच, आणि घरात जर कोणी मराठीत हाक मारीत नसेल, तर त्या गुरुजनांनी काय करावे?

वस्ती मोडली तेव्हा ती मुले इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशी पांगली. काही पोलंडला परतली. त्यांनी पुढे आपली संघटना केली आणि भेटीगाठी चालू ठेवल्या. म्हातारपणी, २०१९ च्या सप्टेंबरात, त्यांतली काही कोल्हापूर-वळिवड्यास येऊन गेली. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.

पोलिश मंडळी गेल्यावर त्या बराकी ओस पडल्या नाहीत. फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे तिथे आली. तेच आजचे गांधीनगर. लग्नसराईत आपण कापड घ्यायला जातो ते. तीही माणसे आपली एक भाषा बरोबर घेऊन आली होती.