जुन्या यंत्रांचा भार कोणी उचलायचा?

(मालवण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मधु दंडवते १९७१ पासून जवळजवळ दोन दशके राजापूर मतदारसंघाचे, म्हणजेच या किनाऱ्याचे, लोकसभेतील प्रतिनिधी होते. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. सार्वजनिक सेवेचा दर्जा ठरविताना आरंभ खालच्या वर्गापासून करावा, हा त्यातील विचार. तोच प्रश्न आज संगणकाच्या क्षेत्रात निराळ्या वेषात उभा आहे.

संगणकाचे कार्यक्रम सहसा मुळापासून लिहिले जात नाहीत. संदेश गुप्त राखणे, जोडाक्षरे जुळविणे अशा नित्याच्या कामांसाठी तयार संहितेचे संच असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. मुक्त परवान्याची लायब्ररी ही गावच्या पाणवठ्यासारखी सामाईक संपत्ती होय. परंतु ती कोणकोणत्या यंत्रांवर चालावी, हे कुणाला तरी ठरवावे लागते. यादीतून वगळलेले यंत्र धडधाकट असूनही हळूहळू निरुपयोगी होते. सधन माणूस नवे विकत घेतो. शाळेतला, वाचनालयातला, मच्छीमार सोसायटीतला संगणक मात्र कोपऱ्यात धूळ खातो.

तथापि ‘सगळीच यंत्रे सांभाळा’ ही मागणी दिसायला सोपी असली तरी न्याय्य नाही. प्रत्येक नवा यंत्रप्रकार म्हणजे नव्या चाचण्या आणि नवे दोष. आणि यातील पुष्कळसे श्रम बिनपगारी असतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघड झाला. जगातील असंख्य संकेतस्थळे जिच्यावर विसंबून होती, तिचा सांभाळ हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसे करीत होती. त्यानंतर ओपनबीएसडीच्या मंडळींनी तिची वेगळी शाखा काढली व कालबाह्य यंत्रांसाठीची संहिता छाटून टाकली. जी संहिता कुणी वाचत नाही, तीत दोष दडून राहतात, हे त्यामागचे कारण. २०२१ मध्ये पायथन भाषेतील ‘क्रिप्टोग्राफी’ या लायब्ररीने रस्ट भाषेचा अवलंब केला. सुरक्षेचा हेतू रास्त होता. पण ज्या जुन्या यंत्रांवर रस्ट चालत नव्हती, ती बाहेर पडली आणि मोठा वाद झाला. त्या वादात श्रम करणाऱ्यांची बाजू खरी होती, तशीच वगळल्या गेलेल्यांचीही.

मग निर्णय कसा व्हावा? निकष आधी जाहीर असावेत. पुरेशी मुदत मिळावी व त्या काळात जुन्या आवृत्तीची सुरक्षा राखली जावी. आणि ज्याला लाभ, त्याने ऐपतीप्रमाणे भार उचलावा. डेबियन या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात यंत्रप्रकार स्वीकारताना सांभाळणारी माणसे आहेत का, बांधणीची यंत्रे आहेत का, हे उघडपणे तपासले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या १३ व्या आवृत्तीने ३२-बिट पीसीवरील नवी उभारणी बंद केली आणि रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेला अधिकृत स्थान दिले. निर्णय कटू होता, पण चर्चा चारचौघांत झाली. उलट विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ कित्येक चालू संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. हे एका कंपनीच्या दालनात ठरले.

दंडवत्यांच्या गाद्यांचा खर्च रेल्वेच्या तिजोरीने सोसला. रुळांवर राबणाऱ्या गँगमनने पदरमोड केली नाही. इथेही तोच न्याय हवा. बँका, कंपन्या आणि सरकारी खाती या सामाईक संहितेवर फुकट चालतात. तिची निगा राखणाऱ्यांचे वेतन त्यांनी द्यावे. ते न करता जुन्या यंत्रांचा आग्रह धरणे म्हणजे गरिबाच्या नावाने दुसऱ्या श्रमिकाचे शोषण करणे होय.

कार्यकर्त्यांना काम आजपासून आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि गावोगावच्या वाचनालयांत किती संगणक आहेत, किती वर्षांचे आहेत, त्यांपैकी किती चालू आहेत, याची तालुकावार नोंद करावी. नव्या खरेदीचा ठराव येताच, अस्तित्वात असलेल्या यंत्रांवर मुक्त प्रणाली बसविण्याचा खर्च आधी मांडावा, असा आग्रह ग्रामसभेत धरावा. आणि त्या खर्चात प्रणाली सांभाळणाऱ्याच्या मजुरीचा आकडाही असावा.