हिंगोलीचे निवारागृह आणि परदेशी मदतीचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून रात्री घराबाहेर पडलेल्या स्त्रीने जायचे कोठे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्याच्या गावोगाव विचारला जात आहे. माहेर हे त्याचे परंपरागत उत्तर. परंतु भाऊ विभक्त झाले, जमिनीचे तुकडे झाले आणि माहेरच्या चुलीलाही परक्या तोंडाचा भार होऊ लागला. चार दिवस दार उघडे राहते. पाचव्या दिवशी वडीलधारी मंडळी ‘नांदायला जा’ म्हणून समजूत घालतात. ती परत जाते, आणि ज्याने हात उचलला त्याला एक गोष्ट पुरती कळून चुकते की हिला दुसरीकडे जागा नाही. हिंसेचे खरे भांडवल हेच होय.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 11 लाख 77 हजार, त्यात स्त्रिया सुमारे 5 लाख 71 हजार. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 25.2 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीचा दुसरा आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्क्यांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला काही सांगितले. तेव्हा पोलीस ठाण्यातील नोंदींवरून निवाऱ्याची गरज ठरवू पाहणे म्हणजे विहिरीची खोली पोहऱ्यावरून मोजण्यासारखे आहे.

मग गरज मोजायची कशाने? येथे परदेशाचा पहिला उपयोग होतो, आणि त्याला पैसा लागत नाही. 1971 साली लंडनच्या चिझिक भागात मारहाण झालेल्या स्त्रियांसाठी एक साधे घर उघडले. 1976 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये तसेच घर झाले. त्या अनुभवातून पुढे 2008 मध्ये युरोप परिषदेच्या कृतिदलाने एक माप सुचविले : दर 10 हजार लोकसंख्येमागे एका कुटुंबाची, म्हणजे आई व तिच्या मुलांची, सोय. हे माप हिंगोलीला लावले तर सुमारे 118 कुटुंबांची सोय लागेल. आपल्याकडे केंद्राच्या स्वाधार गृह योजनेचे उद्दिष्ट होते प्रत्येक जिल्ह्यात 30 स्त्रियांच्या क्षमतेचे एक गृह. 2022 पासून ती योजना ‘मिशन शक्ती’खाली ‘शक्ती सदन’ या नावाने चालते. युरोपचे माप उद्या गाठता येणार नाही, हे उघड आहे. परंतु 118 आणि 30 या दोन आकड्यांमधले अंतर डोळ्यांपुढे असले, म्हणजे 30 खाटा मांडून कर्तव्य संपले असे कोणी म्हणणार नाही.

कायदा काय देतो तेही पाहू. 1983 साली दंडसंहितेत 498अ कलम आले. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या 85 व्या कलमाने घेतली. त्याने नवऱ्याला शिक्षा होऊ शकते, बाईला छप्पर मिळत नाही. ती उणीव 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने काही अंशी भरून काढली. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या 6 व्या कलमाने निवारागृहावर पीडित स्त्रीला आश्रय देण्याचे बंधन घातले. 17 व्या कलमाने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. 19 व्या कलमाखाली दंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात. अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा म्हणतो. दुसरीकडे 2015 पासूनच्या ‘सखी’ केंद्रांत मुक्काम मिळतो तो साधारणतः पाच दिवसांचा. पाच दिवस आणि साठ दिवस यांच्यामध्ये एक दरी आहे, आणि न्यायालयांतील तारखांचा अनुभव घेतलेल्यांना ती किती रुंदावते ते सांगायला नको. पोटगी व राहण्याचा आदेश हाती पडेपर्यंत ज्या स्त्रीला तग धरता येत नाही, तिचा हक्क कागदावरच राहतो. हिंगोलीच्या निवारागृहाचे काम नेमके ह्या दरीत आहे.

ह्या घरात येणारी स्त्री कोण असेल, याचाही विचार आराखडा आखण्यापूर्वी झाला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे ‘कोयत्या’ला, आणि ती बहुधा पडते नवऱ्याच्या हाती. अशा स्त्रीने फडातून पाय काढला तर संसाराबरोबर कोयताही मोडतो. उचल फेडायची कोणी, हा प्रश्न घेऊन मुकादम तिच्या मागे येतो. म्हणजे तिच्यावर दोघांचा दाब आहे, नवऱ्याचा आणि कर्जाचा. ह्या दुसऱ्या दाबाशी झुंज देणारा वकील व संघटना निवारागृहाच्या पाठीशी नसेल, तर भिंती कितीही उंच बांधल्या तरी तिचे रक्षण होणार नाही. शहरी आराखडा जसाच्या तसा आणून चालणार नाही, तो ह्यासाठी.

आता परदेशी मदतीकडे वळू. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेत गेल्या. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले. त्या बळावर मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास गेले. ते विधवांसाठी होते, मारहाणीतून सुटलेल्या स्त्रियांसाठी नव्हे. परंतु घराने टाकलेल्या स्त्रीला परदेशी साहाय्याने आसरा देण्याचा मराठी मुलखातील तो ठळक प्रयोग होता. त्यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की साहाय्य वर्षांच्या हिशेबाने ठरले होते. इमारत बांधून देणारे दाते पुष्कळ मिळतात. चौथ्या वर्षीचे धान्य आणि सेविकेचा पगार देणारे विरळा. दुसरा धडा अधिक कटू आहे. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाशी संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात न्याय कोणाकडे किती होता, हा इतिहासाचा विषय. परंतु गावाचा विश्वास तुटला की परदेशचा पैसा संस्थेला सावरू शकत नाही, हे त्यातून दिसले. याच शारदा सदनातील गोदूबाईंशी 1893 मध्ये विवाह करणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली आश्रम काढला तो दारोदार वर्गणी मागून. जोतीराव फुल्यांचे 1863 चे बालहत्या प्रतिबंधक गृह तर त्यांच्या स्वतःच्या घरीच होते.

परदेशी पैशाविषयी समाजवादी कार्यकर्त्यांच्या मनात असलेली अढी अकारण नाही. दात्याच्या कलाप्रमाणे कार्यक्रम बदलतो, कार्यकर्त्याचा नोकर होतो, आंदोलनाचा प्रकल्प होतो. पण ह्या अढीचा राज्यकर्त्यांनी कसा उपयोग केला, तेही विसरता येत नाही. परकीय अंशदानावरील पहिला कायदा आणीबाणीत, 1976 साली आला. 1982 मध्ये गांधी शांती प्रतिष्ठानासारख्या संस्थांमागे कुदाल आयोगाचा ससेमिरा लागला. 2010 मध्ये नवा कायदा झाला आणि 2020 च्या दुरुस्तीने परकीय निधी एका संस्थेने दुसरीला देण्यास पूर्ण बंदी घातली; प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था परदेशातून निधी घेऊन कळमनुरीच्या लहान संस्थेला वाटा देऊ शकत असे. तो मार्ग आता बंद आहे. नोंदणी हवी तर संस्थेला तीन वर्षे पूर्ण झालेली असावीत व त्या काळात मुख्य कार्यावर 15 लाख रुपये खर्च झालेले असावेत. नव्या संस्थेला फक्त विशिष्ट दात्याच्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. तात्पर्य, परदेशी पैशावर निवारागृह सुरू करू असे म्हणणाऱ्याने पहिली तीन वर्षे देशी पैशावर काढण्याची तयारी ठेवली पाहिजे.

ह्यातून आराखडा असा निघतो. जागा व इमारत नगरपालिकेकडून किंवा जिल्हा परिषदेकडून मागून घ्यावी, कारण तो त्यांच्या मतदार स्त्रियांचा हक्क आहे. रोजचा खर्च शासकीय योजनेतून व्हावा, आणि अनुदान रखडेल त्या महिन्यांसाठी धान्याचा व रोख रकमेचा साठा स्थानिक वर्गणीतून असावा. परदेशी साहाय्य घ्यावे ते कार्यकर्त्यांचे शिक्षण, वकिलांचा निधी व मुलांचे शिक्षण यांसाठी. मुदत ठरवून आणि दरवर्षी कमी होत जाणारे. ते थांबले तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटली पाहिजे. दात्याला हिशेब द्यावा, पण स्त्रियांची छायाचित्रे व कहाण्या देऊ नयेत. तोच हिशेब मराठीत, कोणाचेही नाव न उघडता, जिल्ह्यातील लोकांपुढेही वाचला जावा. बर्लिन-लंडनच्या घरांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे : पत्ता गुप्त कसा ठेवावा, मुलांची शाळा न तुटता कशी चालावी. पण हिंगोलीसारख्या गावात गुप्त पत्ता फार दिवस टिकत नाही. म्हणून ज्या स्त्रीच्या जिवाला धोका आहे तिची नांदेड वा परभणीच्या घराशी अदलाबदल करण्याची सोय हवी.

देशातही शिकण्याची ठिकाणे आहेत. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने विशेष कक्ष उघडला. त्याच वर्षी अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’चे काम सुरू केले. मराठवाड्याच्या मातीत टाकलेल्या स्त्रियांना आधार देता येतो, हे त्या कामाने दाखविले. संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांचा प्रश्न दयेच्या कक्षेतून काढून हक्काच्या कक्षेत आणला.

शेवटी, निवारा हा मुक्काम आहे, घर नव्हे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळात केलेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जमीन व घर दोन्ही नसलेल्या स्त्रियांपैकी 49 टक्के स्त्रियांना शारीरिक हिंसा सोसावी लागली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होते. सातबाऱ्यावर व घरपट्टीच्या नोंदीत बायकोचे नाव लावण्याची मोहीम ही निवारागृहाचीच दुसरी बाजू होय. वसमत-हिंगोलीच्या हळदीच्या व्यवहारात राबणाऱ्या स्त्रियांना रास्त मजुरी मिळवून देणे ही तिसरी.

इमारत होईल तेव्हा होवो. तोवर पाचही तालुक्यांत प्रत्येकी दोन अशी कुटुंबे कार्यकर्त्यांनी निश्चित करावीत, जी मध्यरात्रीही दार उघडतील आणि सकाळी तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याच्या कचेरीत जातील. ह्या दहा दारांसाठी परवानगी कोणाची लागत नाही, आणि परदेशचा एक रुपयाही लागत नाही.