जनावराचा विमा : भरपाई अडते कुठे?



दुभती म्हैस दावणीला मरून पडली, की घरातलं माणूस गेल्यासारखं होतं. पण जनावराचा विमा उतरवलेला असेल, तर त्याच दिवशी डोकं ठिकाणावर ठेवून दोन-चार कामं उरकावी लागतात. भरपाई मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्या पहिल्याच दिवशी ठरून जातं.

१९७३ साली सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतर जनावरांचा विमा खेड्यापाड्यांत पोचला. आज सरकारी कंपन्यांबरोबर खाजगी कंपन्याही तो उतरवतात. कंपनी कोणतीही असो, एक अट बहुतेक सगळीकडे सारखीच : बिल्ला नाही, तर भरपाई नाही.

बिल्ला म्हणजे जनावराच्या कानात मारलेला नंबर. कंपनी विचारते, मेलेली म्हैस विमा उतरवलेलीच कशावरून? सवाल वावगा नाही. एक काळी म्हैस दुसरीसारखीच दिसते. म्हणून पॉलिसी हातात आली, की ती घेऊन दावणीशी उभे राहा. नंबर, वय, रंग, शिंगांची ठेवण, कपाळावरचा चांद हे सारं ताडून पाहा. वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. एखादा आकडा चुकला असेल, तर जनावर जिवंत आहे तोवरच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावा. कुंपणात अडकून कान फाटला, बिल्ला पडला, तर लगेच कंपनीला लेखी कळवा आणि नवा बिल्ला मारून घ्या. पुष्कळजण एवढं करतात, पण नव्या नंबराची नोंद पॉलिसीवर करून घेत नाहीत. मग कानात एक नंबर आणि कागदावर दुसरा, असा घोटाळा होतो.

जनावर दगावलं, की पशुवैद्यकीय डॉक्टरांना आणि कंपनीला ताबडतोब कळवा. नुसत्या फोनवर विसंबू नका. अर्जाची एक प्रत कंपनीला द्या, दुसरीवर पोच घ्या. बिल्ल्याचा नंबर वाचता येईल असा फोटो काढा. डॉक्टर येईपर्यंत मढं हलवू नका, आणि बिल्ला आपल्या हातानं काढू नका. शवविच्छेदनाचा दाखला लागतोच. मात्र काळपुळीचा, म्हणजे फाशी रोगाचा, संशय असेल तर मढं फाडायचं नसतं. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अशा वेळी डॉक्टर रक्ताचा नमुना घेतात. शवविच्छेदन का केलं नाही, ते दाखल्यात लिहून घ्या, म्हणजे पुढे त्यावरून खुसपट निघणार नाही.

काही गोष्टी पॉलिसीतच वगळलेल्या असतात. चोरी, परस्पर विक्री, मुद्दाम केलेली इजा यांना सहसा भरपाई नसते. विमा सुरू झाल्यापासून पहिल्या १५ दिवसांत रोगानं जनावर गेलं, तरी बहुधा मिळत नाही. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असं विमा कायदा १९३८ च्या कलम ६४-व्हीबी मध्ये आहे. कर्जावर गाय घेतली असेल तर इथे सावध राहा. बँकेनं हप्ता कापला, पण कंपनीला वेळेत पाठवला नाही, असं घडू शकतं. तसं झालं तर ग्राहक आयोगात बँकेलाही पक्षकार करता येतं. पॉलिसी बँकेच्या कपाटात असली, तरी तिची प्रत मागून घ्या.

आता नकाराविषयी. कचेरीत कुणी तोंडी सांगितलं, की "तुमचं बसत नाही," तर ऐकून परत फिरू नका. नकार कारणासह लेखी मागा. तोंडी नकाराशी भांडता येत नाही. "उशिरा कळवलंत" एवढंच कारण दिलं असेल, तर विमा नियामक प्राधिकरणाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक दाखवा. उशीर टाळता येण्याजोगा नव्हता आणि मागणी खरी आहे, तर केवळ उशिरावर ती फेटाळू नये, असं त्यात कंपन्यांना सांगितलेलं आहे. गावाला पुराचा वेढा होता, डॉक्टर दोन दिवस येऊ शकले नाहीत, अशी कारणं पुराव्यासह मांडा. आळसाचं कारण मात्र चालायचं नाही!

कधी कंपनी कमी रक्कम देऊ करते आणि "पूर्ण व अंतिम" अशा पावतीवर सही मागते. रक्कम मान्य नसेल तर सही करण्याआधी "हक्क राखून" असं लिहा आणि त्या कागदाची प्रत ठेवा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, लेखी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या राज्यात त्यांची कार्यालयं मुंबईला, ठाण्याला आणि पुण्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र एक वर्षाच्या आत जायला हवं. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी नाही, आणि आपला हप्ता काही तेवढा नसतो. एकच प्रकरण ग्राहक आयोगात असताना लोकपाल ते ऐकत नाहीत, तेव्हा कुठे जायचं ते आधी ठरवा. नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं, ते पाकीटही फेकू नका. पत्र कधी आलं, ते त्याच्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.