दुबार पेरणीचा भार कोणावर?

पाऊस बदलला आहे हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला वेधशाळेने सांगावे लागले नाही. मृग कोरडा जातो, आर्द्रा हुलकावणी देतात आणि पुढे महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो, हे त्याने बांधावरच ओळखले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यातील सोयाबीन पाण्याखाली गेले.

या बदलापुढे शेतकऱ्याने हात टेकलेले नाहीत. सोयाबीनमध्ये तो तुरीचे आंतरपीक घेतो, रुंद सरी-वरंब्यावर पेरतो, शेततळे खोदतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, हा कृषी खात्याचा सल्लाही त्याला ठाऊक आहे. परंतु थांबण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. विहिरीला पाणी असलेला थांबू शकतो. कोरडवाहू शेतकरी थांबला तर मूग-उडीद हातचे जातात आणि रब्बीही लांबते. म्हणून तो पहिल्या पावसावरच पेरतो. पुढे उघडीप पडली की दुबार पेरणीसाठी सावकाराचे दार गाठतो.

तेव्हा पावसाशी जुळवून घेणे हा केवळ शहाणपणाचा नव्हे, साधनांच्या वाटपाचा प्रश्न आहे. १९७२ च्या दुष्काळाने कामाचा हक्क ऐरणीवर आणला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. दुष्काळ ही एकेकट्याची आपत्ती नव्हे, हे तत्त्व त्यामागे होते. दुबार पेरणीच्या बियाण्याला आणि पाण्याच्या समन्यायी वाटपालाही तेच तत्त्व लागू करावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव उभी केली पाहिजे.