स्वस्ताई कोणाची? महाराष्ट्र आणि केरळ

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठवाड्यातून केरळात जाऊन आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. तिकडच्या शाळा आणि दवाखाने चांगले आहेत ही एक. आणि तिकडे सगळेच महाग, आपल्याकडे जगणे परवडते ही दुसरी. पहिली ऐकून कौतुक वाटते, दुसरी ऐकून समाधान. हे समाधान कितपत खरे आहे, एवढ्यापुरताच आज विचार करावयाचा आहे.

केरळ महाग आहे यात वाद नाही. तांदूळ आंध्रातून, भाजी तामिळनाडूतून आणि कांदा आपल्या नाशिकहून तिकडे जातो. वाहतुकीचा बोजा अखेर ग्राहकाच्याच माथी बसतो. परंतु किती महाग? याचे उत्तर अंदाजपंचे देण्याचे कारण नाही. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने २०११-१२ साठी राज्यवार दारिद्र्यरेषा काढल्या, त्यांत राज्याराज्यांतील किमतींचा फरक धरलेला होता. ग्रामीण केरळसाठी ही रेषा दरडोई दरमहा १,०१८ रुपये होती, ग्रामीण महाराष्ट्रासाठी ९६७ रुपये. रेषा फारच खाली ओढली होती ही टीका रास्त आहे. पण येथे प्रश्न रेषेच्या उंचीचा नसून दोन राज्यांतील अंतराचा आहे. तेच किमान जिणे जगण्यास केरळच्या खेड्यात शंभरामागे जेमतेम पाच रुपये अधिक लागत होते. शहरांत तर चित्र उलटे होते : केरळ ९८७, महाराष्ट्र १,१२६. ज्या राज्यात मुंबई आहे त्याने दुसऱ्याला महाग म्हणावे, हेही मौजेचेच.

आता मजुरी पाहा. रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये केरळात पुरुष शेतमजुराचा सरासरी रोज ७६४ रुपये होता. देशाची सरासरी ३४५ च्या घरात होती आणि महाराष्ट्र, उद्योगधंद्यांत अग्रेसर असलेला महाराष्ट्र, त्या सरासरीच्याही खाली, तीनशेच्या आसपास. किमतींतील फरक पाच टक्के आणि मजुरीतील फरक अडीचपट! मधल्या दहा वर्षांत भावांतील अंतर वाढले असे धरले तरी ते अडीचपटीच्या जवळपासही जात नाही. तेव्हा स्वस्ताई आहे ती मजुराच्या घामाची. त्याच्या पोटाला लागणाऱ्या जिनसांची नव्हे.

त्याचा परिणाम खर्चाच्या पाहणीत दिसतो. २०२२-२३ मध्ये ग्रामीण केरळात दरडोई मासिक खर्च ५,९२४ रुपये होता, ग्रामीण महाराष्ट्रात ४,०१० रुपये. शहरी आकडे मात्र एकमेकांच्या बरेच जवळ आहेत : ७,०७८ आणि ६,६५७. केरळातील खेडे आणि शहर यांत फारसे अंतर उरलेले नाही. महाराष्ट्रात ते दीडपटीहून अधिक आहे. म्हणून राज्याच्या दरडोई उत्पन्नाचा आकडा मुंबई-ठाणे-पुण्याने फुगतो आणि भोकरदन तालुक्यातील कापूस वेचणाऱ्या बाईला तो आपला वाटत नाही. २०११-१२ मध्ये ग्रामीण दारिद्र्याचे प्रमाण केरळात ९ टक्के, तर महाराष्ट्रात २४ टक्के होते, याचा उलगडा येथे होतो.

शिवाय निर्देशांकात न बसणारे खर्च आहेत. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसेल तर रुग्णाला जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. गाडीचे भाडे, सोबत गेलेल्याचा बुडालेला रोज, सावकाराचे व्याज हा सारा जगण्याचाच खर्च नव्हे काय? २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी टँकरच्या पाण्यावर मोसंबी जगविण्याचा प्रयत्न केला आणि तरीही कित्येक बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. त्या पाण्याची किंमत कोणत्या निर्देशांकात आली? २०२० मध्ये हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ६ आणि महाराष्ट्रात १६ होते. महाराष्ट्राचा आकडा देशाच्या २८ पेक्षा पुष्कळ बरा आहे, हे नमूद केलेच पाहिजे. पण तुलना आपल्यापेक्षा मागे असणाऱ्यांशीच करीत राहण्याची सवय बरी नव्हे.

आकडा काय मोजतो हे न पाहता निष्कर्ष काढण्याचा धोका मोठ्यांनाही चुकत नाही. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या १९७१ च्या सुप्रसिद्ध अभ्यासात उष्मांकाच्या हिशेबाने केरळ अत्यंत दरिद्री ठरला होता. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या अभ्यासकांनी दाखवून दिले, की गरिबाच्या पानातला टॅपिओका त्या हिशेबात पुरेसा धरलाच गेला नव्हता.

हे सारे निसर्गाने दिले असे म्हणण्याची सोय नाही. इतिहासाचा वाटा आहे, तो मान्य करावा. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरांत दहा जणही साक्षर नव्हते, तर त्रावणकोर-कोचीनमध्ये चाळिसांहून अधिक होते. परंतु मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, त्याला आता सत्तर वर्षे होत आली. २०११ मध्ये जालना जिल्ह्याची साक्षरता ७१-७२ टक्क्यांच्या घरात होती. केरळने ती पातळी १९८१ मध्येच ओलांडली होती. म्हणजे ज्या वर्षी जालना जिल्हा अस्तित्वात आला त्याच वर्षी. तेथे १ जानेवारी १९७० पासून कुळांना जमीन आणि झोपडीवाल्या मजुराला घराखालची जागा मिळण्याचा मार्ग खुला झाला. राहत्या घरातून हुसकावले जाण्याची भीती गेली, की माणूस रोजाबद्दल तोंड उघडतो. पुढे १९७४ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९८० मध्ये निवृत्तिवेतनही आले.

केरळात सर्व आलबेल आहे असे मात्र नाही. २०२३-२४ मध्ये तेथील तरुणांतील बेकारी ३० टक्क्यांच्या आसपास होती आणि औषधोपचारावर लोक खिशातून भरमसाट खर्च करतात. आखातातून येणाऱ्या पैशाचाही मजुरी चढविण्यात हात आहे. चढ्या रोजासाठी बंगाल-ओडिशाचे मजूर तेथे येतात, ते राहतात कसे हा वेगळाच विषय.

महाराष्ट्राकडेही दाखविण्याजोगे होते. कामाची कायदेशीर हमी देशात प्रथम येथे मिळाली, १९७७ च्या कायद्याने. त्याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या केंद्रीय रोजगार हमीचा दर २०२५-२६ मध्ये केरळात ३६९ रुपये आणि महाराष्ट्रात ३१२ रुपये होता. केरळात शेतातला रोज त्या सरकारी दराच्या दुप्पट होता. येथे स्त्रियांना खुरपणीला तेवढाही कितीदा मिळाला, याचा हिशेब प्रत्येक गावात बायकांनाच विचारून मांडता येईल. तो कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाआधी मांडावा.