जुन्या इमारतीला हात लावण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)
एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



शहरातील एखाद्या ऐतिहासिक इमारतीत फेरफार करण्याचा प्रस्ताव आला, तर तो कसा तपासावा, हा माझा आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, हे काम इंजिनीअरचे आणि नगरपालिकेचे. शाळामास्तरांनी यात कशाला पडावे? परंतु आपल्या शाळेची इमारत दगडी आणि कौलारू आहे. वर्गखोल्या अपुऱ्या पडतात. कौले उतरवून स्लॅब टाकावा व वर एक मजला चढवावा, अशी सूचना पुढे आली आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याच दारात येऊन उभा आहे, आणि त्याचा विचार आपल्यालाच केला पाहिजे.

प्रथम मुंबईचे उदाहरण घेऊ. तेथे 1995 साली राज्य शासनाने जुन्या वास्तूंसाठी नियमावली लागू केली. यादीतील इमारतींचे तीन वर्ग पाडण्यात आले. पहिल्या वर्गात राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांना आतून वा बाहेरून हात लावायचा तो केवळ मजबुती आणि आयुष्य वाढविण्यासाठी. दुसऱ्या वर्गात आतले बदल बहुधा करता येतात, बाहेरच्या बदलांची मात्र कसून तपासणी होते. तिसऱ्या वर्गात रस्त्याची आणि वस्तीची शोभा राखणाऱ्या इमारती असतात. त्यांना अधिक मोकळीक असते. यादीतील इमारतीची दुरुस्ती, वाढीव बांधकाम, पाडकाम, फार काय, रंगकामसुद्धा महापालिका आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून करता येत नाही, असे नियमाने ठरविले. आयुक्तांना सल्ला देण्यासाठी वारसा जतन समिती नेमलेली असते. तिच्यात वास्तुविशारद असतात, इमारतीचा भार जाणणारे अभियंते असतात आणि शहराचा इतिहास जाणणारेही असतात.

रंगकामालाही परवानगी कशासाठी, असे कोणीही विचारील. त्याचे कारण साधे आहे. जुनी भिंत दगड आणि चुन्याची असते. तिच्यात शिरलेला ओलावा चुन्यातून हळूहळू बाहेर पडतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला किंवा तेलरंग फासला की तो मार्ग बंद होतो. ओल आतच कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चार वर्षे भिंत नवी दिसते आणि आतून झिजत राहते. म्हणजे दुरुस्ती करण्याच्या हेतूनेच आपण इमारतीचे आयुष्य कमी करतो.

मग प्रस्ताव हाती आला की काय विचारावे? माझ्या मते चार प्रश्न पुरेत. पहिला, या इमारतीचे मोल नेमके कशात आहे? कमानीत, जिन्यात, छपरात की तिच्याशी निगडित असलेल्या आठवणींत? दुसरा, सुचविलेला बदल खरोखर आवश्यक आहे काय? तेच काम थोडक्यात किंवा इमारतीच्या मागील बाजूस होईल काय? तिसरा, उद्या चूक कळली तर हा बदल काढून टाकता येईल काय? लाकडी फळीची आडभिंत काढता येते. तोडलेली कमान परत येत नाही. चौथा, नवे काम जुन्याशी जुळणारे, तरीही नवे म्हणून ओळखू येणारे आहे काय? 1964 सालच्या व्हेनिस सनदेनेही हेच तत्त्व सांगितले आहे. खोटे जुनेपण उभे करणे म्हणजे पुढच्या पिढीला चुकीचा इतिहास शिकविणे होय.

जतन करायचे म्हणजे इमारतीला कुलूप लावायचे, असा एक गैरसमज आहे. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 साली जागतिक वारसा यादीत गेले. तेथून आजही रोज लाखो प्रवासी ये-जा करतात. 2018 साली त्याच यादीत आलेल्या 94 इमारतींच्या समूहात मरीन ड्राइव्हवरील राहती घरेही आहेत. टर्मिनससमोरच अंजुमन-इ-इस्लामची शाळा आहे. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 साली सुरू केलेल्या या संस्थेची ती इमारत 1893 सालची. तेथे आजही वर्ग भरतात. वास्तू वापरात राहिली की तिची निगाही राहते.

परंतु दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जतनाचा उपदेश करणारा निघून जातो आणि खर्च मालकाच्या माथी येतो. भाडे तुटपुंजे, दुरुस्ती महाग, अशा कात्रीत मालक व भाडेकरू दोघेही सापडतात. मुंबईची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, हे याचे दुःखद उदाहरण आहे. 1860 च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून ती उभारली गेली. 2005 साली तिचा काही भाग कोसळला. 2006 साली जगातील धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. यादीत नाव आल्याने तुळई सावरत नाही. 2019 साली ती रिकामी करावी लागली. याउलट भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहा. पैसा, जाणकार आणि महापालिका एकत्र आली, म्हणून 1872 सालची ती वास्तू पुन्हा उजळली आणि 2005 साली तिला युनेस्कोचा प्रादेशिक पुरस्कार मिळाला. नुसत्या बंदीने वास्तू वाचत नाही. निगा राखण्याची तजवीजही लागते.

आता आपल्या शाळेकडे वळू. आपली इमारत कोणत्याही यादीत नाही. म्हणून कोणी आपल्याला अडविणार नाही. माझ्या दृष्टीने हीच काळजीची बाब आहे. जेथे समिती नाही, तेथे विश्वस्त, शिक्षक आणि पालक हीच समिती. एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे: मुलांच्या जिवापेक्षा कोणतीही कमान मोठी नाही. भिंत धोकादायक ठरली तर वर्ग तत्काळ हलवावेत. पण ती धोकादायक आहे की नाही, हे ठेकेदाराने ठरवू नये. कौलांचा भार पेलण्यासाठी बांधलेल्या भिंतीवर स्लॅब आणि मजला चढविणे हाच कदाचित मोठा धोका असेल. वऱ्हांडा बंद करून वर्ग वाढतो खरा, पण पावसाचा झोत आणि दुपारचे ऊन मग थेट भिंतीवर येते व आतली खोली अंधारते.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. काही तोडण्यापूर्वी इमारतीची मोजमापे व छायाचित्रे घेऊन ठेवा. ठेकेदाराआधी संरचना अभियंत्याला बोलवा. नकाशा सूचनाफलकावर लावा आणि पालकांना एक महिना मुदत द्या. मागील मोकळ्या जागेत नव्या खोल्या बांधता येतील काय, याचा हिशेब आधी करा. आणि व्हरांड्याच्या भिंतीतील देणगीदारांच्या नावांच्या शिळा गिलाव्याखाली जाऊ देऊ नका. त्यांतील काहींनी स्वतःला अक्षर येत नसताना दुसऱ्यांच्या मुलांसाठी पदरचे पैसे दिले.

मुलांना जागा हवी, हे मला रोज वर्गात दिसते. जागा वाढवावीच लागेल. ती वाढविताना चार प्रश्न विचारायला चार आठवडे लागतील. इमारत उभी राहायला आपल्या वाडवडिलांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला होता. या गोष्टीचा आपण शांतपणे विचार करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.